आधी बिल सुधारा : विमा नियामक आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : रुग्णालयाचे बिल, क्लेममधली कपात आणि वाढता हप्ता

महोदय,

एकाच पत्रावर दोन पत्ते मुद्दाम घातले आहेत. विमा कंपन्या इर्डाईच्या, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाच्या, अखत्यारीत येतात, रुग्णालये राज्य सरकारच्या. पण रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात डिस्चार्जच्या दिवशी जे बिल पडते, ते कसे मांडावे यावर प्रत्यक्षात कोणाचाच वचक नाही. क्लेममध्ये कापले जाणारे पैसे, डिस्चार्जची रखडपट्टी आणि दरवर्षी चढणारा हप्ता यांतल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ त्या बिलात आहे, असे आमचे मत आहे. क्लेमची कागदपत्रे लावणे, कंपनीच्या क्वेरींना, म्हणजे शंकांना, उत्तरे देणे आणि विमा लोकपालाकडे जाणाऱ्या तक्रारी तयार करणे हे आमचे रोजचे काम आहे. त्या कामातून जे दिसते तेच इथे लिहीत आहोत.

इर्डाईने २०२४ मध्ये चांगले नियम केले, हे आधी सांगायला हवे. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालवली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेमवर हरकत घेता येत नाही; ही मुदत आधी आठ वर्षांची होती. २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने (एकत्रित परिपत्रकाने) कॅशलेसच्या, म्हणजे कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते त्या क्लेमच्या, पहिल्या मंजुरीसाठी एक तास आणि अंतिम मंजुरीसाठी तीन तास अशी मर्यादा घातली. कागदावर यापेक्षा फार काही मागण्यासारखे नाही.

तरीही प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातले आकडे बघा. आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे आले आणि त्यांपैकी सुमारे ८३,५०० कोटी दिले गेले. नाकारलेली रक्कम साधारण १०,९०० कोटी होती. पॉलिसीच्या अटींप्रमाणे देय नाही म्हणून अमान्य केलेली रक्कम मात्र १५,१०० कोटी. नाकारलेल्या क्लेमची बातमी होते, लोक भांडतात, लोकपालाकडे जातात. तीन लाखांच्या बिलात पन्नास-साठ हजार कापले गेले तर घरचे लोक उसनवारी करून पैसे भरतात आणि पेशंटला घरी नेतात. त्या कपातीचा हिशेब कोणी विचारत नाही, कारण तो समजेल असा लिहिलेलाच नसतो.

या कपातीतला सर्वात मोठा वाटा खोलीभाड्यावरून होणाऱ्या प्रमाणशीर कपातीचा, म्हणजे प्रपोर्शनेट डिडक्शनचा असतो : खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की इतर खर्चही त्याच प्रमाणात कापायचा. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पेशंट चार दिवस ८,००० रुपयांच्या खोलीत राहिला. बिल असे झाले : खोली ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) मिळून १,२०,०००, औषधे आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू) ६०,०००, इम्प्लांट (शरीरात बसवायचा भाग) ७०,०००, तपासण्या १८,०००. एकूण ३ लाख.

इर्डाईच्या जून २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, उपकरणे आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात लावायची नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. म्हणजे खोलीचे २०,००० मिळाले पाहिजेत. सर्जन-ओटीच्या रकमेला पाच-अष्टमांश (५,००० भागिले ८,०००) लावून ७५,००० मिळाले पाहिजेत. उरलेले १,४८,००० जसेच्या तसे. देय रक्कम २,४३,००० आणि कपात ५७,०००.

प्रत्यक्षात अनेकदा पाच-अष्टमांश संपूर्ण बिलाला लावले जाते. मग हातात येतात १,८७,५००. कपात ५७,००० वरून १,१२,५०० वर जाते. फरक ५५,५०० रुपयांचा, आणि तो नियमाविरुद्ध आहे.

त्याच सूचनांमध्ये आणखी एक वाक्य आहे, जे विमाधारकांना जवळजवळ कोणीच सांगत नाही. ज्या रुग्णालयात खोलीच्या दर्जानुसार इतर दर बदलत नाहीत, तिथे प्रमाणशीर कपात लावताच येत नाही. मध्यम आणि लहान रुग्णालयांत सर्जनची फी जनरल वॉर्डला आणि स्वतंत्र खोलीला एकच असू शकते. तसे असेल तर वरच्या उदाहरणात कपात फक्त खोलीच्या १२,००० रुपयांची होईल. रुग्णालयाने लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र दिले की काम होते : ‘आमच्याकडे शस्त्रक्रिया, डॉक्टर व ओटीचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत नाहीत.’ हे पत्र क्लेमच्या फायलीत आधीपासून लावावे, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मात्र हे विमाधारकाने शोधून काढायचे, पत्र मिळवायचे, भांडायचे, ही रीत बरोबर नाही. नेटवर्कमधल्या, म्हणजे कॅशलेससाठी जोडलेल्या, प्रत्येक रुग्णालयाशी करार करतानाच ही माहिती कंपनीकडे लेखी यायला हवी आणि क्लेमच्या संगणक प्रणालीत तिची नोंद हवी.

चुकीची कपात का होते, याचे कारण बिलात सापडते. बिलावर ‘सर्जरी पॅकेज १,८०,०००’ अशी एकच ओळ असेल, तर टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर बसलेला माणूस त्यातले औषध किती आणि ओटी किती हे वेगळे करू शकत नाही. तो पूर्ण ओळीला गुणोत्तर लावून मोकळा होतो. दुसरी खोच नर्सिंगची. अनेक पॉलिसींत खोलीभाड्याच्या मर्यादेत नर्सिंग आणि जेवणही धरलेले असते. काउंटरवर ‘खोली ४,५००’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. बिलात नर्सिंगचे ८०० वेगळे लागतात, बेरीज ५,३०० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. तीनशे रुपयांसाठी सर्जनच्या फीला कात्री लागते.

देय नसलेल्या वस्तूंचेही असेच आहे. इर्डाईने चार याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीतल्या ६८ वस्तू ऐच्छिक आहेत : डायपर, हातमोजे, मास्क, नेब्युलायझर किट, ईसीजी इलेक्ट्रोड वगैरे. पॉलिसीत वेगळे कव्हर नसेल तर त्यांचे पैसे पेशंटने भरायचे. उरलेल्या तीन याद्यांचा अर्थ वेगळा आहे. दुसरीतल्या वस्तू खोलीभाड्यात, तिसरीतल्या शस्त्रक्रियेच्या दरात आणि चौथीतल्या उपचाराच्या खर्चात धरलेल्या आहेत. फाइल ओपनिंग चार्जेस, डिस्चार्ज प्रोसिजर चार्जेस, कागदपत्रांचे शुल्क, व्हिजिटर पास आणि अ‍ॅडमिशन किट दुसऱ्या यादीत येतात. शस्त्रक्रियेआधी केस काढायचे रेझर आणि सर्जिकल ब्लेड तिसऱ्या यादीत. अल्कोहोल स्वॅब, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, युरिन बॅग आणि नोंदणी शुल्क चौथ्या यादीत.

रुग्णालये हे सगळे बिलात वेगळे लावतात, कंपनी ‘देय नाही’ म्हणून कापते आणि रुग्णालय ते पेशंटकडून वसूल करते. खोलीभाड्यात जे धरलेले आहे त्याचे पैसे पेशंटने दुसऱ्यांदा का द्यायचे? यादी विमा कंपनीला बांधते, रुग्णालयाला बांधत नाही. म्हणूनच हे पत्र दोन पत्त्यांवर जात आहे. नेटवर्क करारात एक कलम घाला : दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या यादीतली वस्तू कॅशलेस पेशंटच्या बिलात स्वतंत्र लावता येणार नाही आणि कापली गेल्यास पेशंटकडून वसूल करता येणार नाही. या एका कलमासाठी नवा कायदा लागत नाही.

आता तीन तासांच्या घड्याळाकडे येऊ. नियम असा की डिस्चार्जची विनंती रुग्णालयाकडून मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचे. पण घड्याळ सुरू केव्हा होते? सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘डिस्चार्ज’ लिहितात. मग समरी टाइप व्हायची, वॉर्डातून न वापरलेली औषधे फार्मसीत परत जायची, बाहेरच्या डॉक्टरांच्या व्हिजिटची नोंद यायची, बिलिंगचे अंतिम बिल निघायचे. दुपारचे दोन वाजतात तेव्हा रुग्णालयातला टीपीए डेस्क कागद अपलोड करतो. साडेतीनला क्वेरी येते : ओटी नोट्स पाठवा. त्या पाठवल्या की दुसरी : इम्प्लांटचा स्टिकर आणि इन्व्हॉइस पाठवा. मग तिसरी : इनडोअर केस पेपर पाठवा. प्रत्येक क्वेरीला घड्याळ पुन्हा शून्यावर आणले जाते. रात्री आठला मंजुरी येते आणि कंपनीच्या नोंदीत मात्र सगळे तीन तासांच्या आत झालेले दिसते.

यावर उपाय साधे आहेत. सर्व क्वेरी एकाच वेळी, पहिल्या तासात पाठवायच्या. नंतरच्या क्वेरीने घड्याळ थांबणार नाही. रुग्णालयाने विनंती पाठवली, कंपनीला मिळाली, क्वेरी गेली, उत्तर आले, मंजुरी झाली, या पाचही टप्प्यांची वेळ विमाधारकाच्या मोबाइलवर एसएमएसने यावी. कोण थांबवतंय हे घरच्या लोकांना दिसले, की रुग्णालयाने कंपनीकडे बोट दाखवायचे आणि कंपनीने रुग्णालयाकडे, हे तिथल्या तिथे थांबेल. इम्प्लांटचा स्टिकर आणि ओटी नोट्स शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी अपलोड करायची सक्ती राज्याने रुग्णालयांवर करावी. त्यासाठी डिस्चार्जची वाट बघण्याचे कारण नाही.

पूर्ण नाकारल्या जाणाऱ्या क्लेममध्ये आम्हाला सर्वात जास्त खटकते ते आजार लपवल्याचे कारण. रात्री अकराला तातडीच्या विभागात ड्युटीवरचा ज्युनिअर डॉक्टर विचारतो, “बीपी आहे का? कधीपासून?” सोबत आलेली सून अंदाजाने सांगते, “असेल आठ-दहा वर्षं.” केस पेपरवर ‘उच्च रक्तदाब, १० वर्षे’ असे उमटते. पॉलिसी चार वर्षांची असते. या एका ओळीवर क्लेम नाकारला जातो आणि पुष्कळदा पॉलिसीही रद्द होते. नंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘निदान दोन वर्षांपूर्वीचे आहे’ असे पत्र दिले, तर ते मागाहून केलेली सारवासारव म्हणून बाजूला ठेवतात.

आजार खरोखर लपवणारेही असतात, आणि त्यांचा भार प्रामाणिक विमाधारकांवर पडतो, हे आम्हाला मान्य आहे. पण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असली पाहिजे. पॉलिसी घेण्याच्या आधीच्या तारखेचे प्रिस्क्रिप्शन, तपासणीचा अहवाल किंवा औषधांचे बिल, यांपैकी किमान एक स्वतंत्र कागद हाती असल्याशिवाय हे कारण वापरता येऊ नये. लपवलेला आजार आणि ज्यासाठी दाखल व्हावे लागले तो आजार यांचा संबंध नसेल, उदाहरणार्थ बीपी न सांगितलेल्या माणसाला डेंग्यू झाला, तर क्लेम द्यावा आणि हप्त्यातला फरक पुढे वसूल करावा. प्रस्ताव अर्ज बहुतेकदा एजंट मोबाइलवर भरतो. आरोग्याच्या प्रश्नांपुढे सरसकट ‘नाही’ टिचकवले जाते आणि ग्राहकाकडून फक्त ओटीपी घेतला जातो. म्हणून त्या प्रश्नांची उत्तरे मराठीत, छापील, पॉलिसीच्या पहिल्या पानावर यावीत. तीस दिवसांच्या फ्री लूक काळात (पॉलिसी तपासून परत करायच्या मुदतीत) माणूस ती वाचेल आणि चूक दुरुस्त करून घेईल.

मास्टर सर्क्युलर सांगते की कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय कोणताही क्लेम नाकारायचा नाही आणि नाकारताना किंवा अंशतः कापताना पॉलिसीतली नेमकी अट नमूद करायची. आलेल्या पत्रांत मात्र ‘अटी व शर्तींनुसार’ यापलीकडे फारसे काही नसते. कमिटीची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि तिने काय पाहिले, हे पत्रात लिहिणे सक्तीचे करा. अंशतः कपातीसाठी एक तक्ता ठरवून द्या : बिलातली ओळ, मागितलेली रक्कम, दिलेली रक्कम, कापलेली रक्कम, पॉलिसीचे कलम, आणि प्रमाणशीर कपात असेल तर गुणोत्तर. सहा रकाने पुरतात. ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला स्वतःचा क्लेम तपासता आला पाहिजे.

आता खर्चाकडे. हप्ता का वाढतो, याला कंपन्यांचे ठरलेले उत्तर आहे : उपचार महागले. ते खोटे नाही. पण उपचारांतले नक्की काय महागले, हे कोणी उघडून दाखवत नाही. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे आणि कन्झ्युमेबल्सवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेल्याचे त्यात आढळले, आणि तेही बहुतांशी छापील किमतीच्या आत राहून. छापील किंमतच मुळात अवाच्या सवा ठेवलेली असते. मूल्यनियंत्रणाबाहेरच्या औषधांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. सुरुवातीची किंमत किती असावी यावर मर्यादा नाही. विमा कंपनी छापील किंमत मोजते आणि पुढच्या वर्षी ती हप्त्यात घालते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पेशंटला त्याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण बलून, गाइडवायर, कॅथेटर आणि कॅथलॅबचे शुल्क त्या आदेशात नव्हते, आणि एका वस्तूला मर्यादा घातली की बिलाचे उरलेले रकाने फुगतात. म्हणून मर्यादा घालायची तर ती पूर्ण उपचाराला हवी.

माननीय मंत्री महोदय, हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. मे २०२० मध्ये कोविडसाठी राज्याने खासगी रुग्णालयांचे ८० टक्के बेड ताब्यात घेतले आणि दिवसाचे दर ठरवले : वॉर्ड आणि विलगीकरण ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. त्या आदेशातल्या पळवाटाही शिकण्यासारख्या आहेत. पीपीई किट आणि महागडी औषधे दराबाहेर ठेवली होती, आणि जादा आकारणी नेमकी तिथेच शिरली. पुढचा आदेश लिहिताना ‘याव्यतिरिक्त’ या शब्दाखाली काय काय येते, याची बंद यादी द्यावी लागेल.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. दरपत्रक लावलेले असते तिथेही त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्यावर खोली आणि व्हिजिटचे दर असतात, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला एकूण किती पडतील हे नसते. नेहमीच्या पन्नासएक उपचारांचा, खोलीच्या प्रत्येक वर्गासाठी, ‘यात काय धरले आहे’ या तपशिलासह एकत्रित दर लावण्याची सक्ती करा आणि तो जिल्हावार एका सरकारी संकेतस्थळावर टाका. बिलाचा एकच नमुना राज्यभर बंधनकारक करा. त्यात औषधे, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या, डॉक्टर, ओटी आणि खोली असे सात गट वेगळे असावेत. पॅकेज लावले तरी आतले गट दाखवायचे. वर सांगितलेली प्रमाणशीर कपातीतली निम्मी चूक एवढ्यानेच दूर होईल.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही थोडे. प्रति कुटुंब ५ लाखांचे संरक्षण आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांचा समावेश हा निर्णय मोठा आहे. पण योजनेतले दर वेळेवर सुधारले नाहीत आणि पैसे महिनोन्‌महिने अडकले, की रुग्णालय ‘योजनेचे बेड भरले आहेत’ असे सांगते किंवा वरचे पैसे मागते. प्रत्येक अंगीकृत (योजनेत घेतलेल्या) रुग्णालयात योजनेचे किती बेड आज रिकामे आहेत हे आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलासमोर रोज लिहिले जावे, आणि दरांचा आढावा ठरलेल्या मुदतीत व्हावा.

इर्डाईकडे हप्त्याबाबत दोन मागण्या आहेत. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर प्राधिकरणाशी सल्लामसलत आवश्यक केली. दरवर्षी १० टक्के वाढ होत राहिली, तर आजचा ४०,००० चा हप्ता सात वर्षांत जवळपास ७८,००० होतो. पेन्शनवर जगणारा माणूस तिथे पॉलिसी सोडतो, म्हणजे वीस वर्षे हप्ते भरून नेमक्या गरजेच्या वयात उघडा पडतो. वयोगट बदलल्यामुळे होणारी वाढ या १० टक्क्यांतच मोजायची, असे स्पष्ट लिहा. आणि ५५ ते ५९ वयाच्या लोकांनाही हे संरक्षण द्या, कारण मोठी उडी बहुधा साठीच्या आधीच बसते.

दुसरी मागणी जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के कर शून्य झाला. ४०,००० च्या मूळ हप्त्यावर ही ७,२०० रुपयांची बचत आहे. मात्र कंपन्यांना आता कमिशन, भाडे आणि इतर सेवांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तो बोजा नूतनीकरणाच्या वेळी मूळ दरात शिरू शकतो. प्रत्येक पॉलिसीचा, प्रत्येक वयोगटाचा २१ सप्टेंबर २०२५ चा मूळ दर आणि आजचा मूळ दर शेजारी शेजारी प्रसिद्ध करायला कंपन्यांना सांगा. कर्मचाऱ्यांच्या समूह पॉलिसीला ही सूट नाही. निवृत्तीनंतर तिच्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे हेही त्या कर्मचाऱ्याला शेवटच्या वर्षात लेखी कळवले जावे.

वरच्यांपैकी सहा रकान्यांचा कपात-तक्ता, क्वेरीचे न थांबणारे घड्याळ आणि याद्यांविषयीचे करारातले कलम, या तीन गोष्टी प्राधिकरण एका परिपत्रकाने करू शकते. बिलाचा नमुना आणि एकत्रित दरपत्रक राज्याला नर्सिंग होम नियमांत दुरुस्ती करून आणता येईल. या पाच बाबींवर कोणत्या महिन्यात काय होणार, ते दोन्ही कार्यालयांनी जाहीरपणे सांगावे, अशी आमची मागणी आहे.

आपले,
विमाधारकांना दाव्याच्या कामात साहाय्य करणारे कार्यकर्ते, पुणे